गॅलरीतलं शून्य

११ जानेवारी, रविवार. माळ्यावरचा पाळणा खाली काढायचा होता. मुलीला सातवा महिना लागला होता आणि पुढच्या आठवड्यात ती नाशिकहून आमच्याकडे अंबरनाथला येणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच असतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलंही नव्हतं. नवऱ्याला रविवारची सुट्टी, म्हणून हे काम त्या दिवशी ठेवलं. तो स्टुलावर चढला आणि मी खालून एकेक भाग हातात घेत गेले. पाळणा सागवानी आहे, माझ्या आईकडून आलेला. मुलगी त्यात झोपली, नंतर बिल्डिंगमधली निम्मी पोरं त्यात झोपली. जिच्याकडे बाळ येईल तिने घेऊन जायचं आणि धुऊन परत आणून द्यायचं, अशी आमच्या बिल्डिंगची रीत आहे.

पाळणा पुसून झाल्यावर मी कपाटातून वाळे काढले. बाळासाठी दिवाळीत घेतलेले, चांदीचे, छोट्या घुंगरांचे. कापसात गुंडाळून डबीत ठेवले होते, तरी काळे पडले होते. दिवाळीनंतर मी ते एकदा टूथपेस्ट लावून घासले होते. आता पुन्हा घासायला बसले.

आमच्याकडे चांदी काळी पडते. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. सगळ्या बायका म्हणतात की सोनार चांदीत भेसळ करतो. मीही तेच म्हणत होते. या वेळी वाळे घासताना मात्र मला सोनाराची आठवण झाली नाही. गॅलरीच्या गजाला बांधलेल्या एका छोट्या डबीकडे मी बघत होते. ती डबी म्हणजे माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता.

मी एका शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण राहिलं. मुलीचं लग्न झाल्यावर घरात संध्याकाळी करायला काही उरलं नाही, तेव्हा मी बाहेरून आयटीच्या पदवीला नाव घातलं. उल्हासनगरला अभ्यासकेंद्र होतं, रविवारी तास आणि प्रॅक्टिकल. वर्गात सगळी विशी-बाविशीतली मुलं. पहिल्या दिवशी मी आत गेले तर दोघं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं शिकवायला आले. प्रोग्रामिंग मला कठीण गेलं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला आधी काय, मग काय, आणि हे झालं नाही तर ते, हे वेगळं शिकवावं लागत नाही. नेटवर्किंगने मात्र घाम काढला.

शेवटच्या वर्षाला दोघादोघांनी मिळून प्रोजेक्ट करायचा असतो. माझी जोडीदार उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधली एक सिंधी मुलगी. तिच्या वडिलांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बरीच मुलं तयार प्रोजेक्ट विकत घेतात, मुखपृष्ठावर नाव बदलतात आणि काळं बाइंडिंग करून सोनेरी अक्षरात छापून आणतात. आम्ही स्वतः करायचं ठरवलं. हवा तपासणारं यंत्र करायचं ही कल्पना तिची. एक सेन्सर, एक बोर्ड, एक छोटा डिस्प्ले, हिरवा आणि लाल दिवा, आणि हवा बिघडली की वाजणारा बझर. सेन्सर स्वस्तातला होता. हवेत कोणता वायू आहे ते त्याला कळत नाही, काहीतरी आहे एवढंच कळतं. पदवीच्या प्रोजेक्टला तेवढं पुरतं.

त्यात एकच गोष्ट जपून करावी लागते. यंत्राला आधी शून्य शिकवावं लागतं. स्वच्छ हवेत ठेवायचं, सेन्सर जो आकडा देईल तो शून्य धरायचा, आणि मग पुढे प्रत्येक वेळी आलेल्या आकड्यातून तो वजा करायचा. उरेल ती घाण.

प्रश्न आला स्वच्छ हवा आणायची कुठून. तिच्या दुकानात दिवसभर सोल्डरिंगचा धूर. बाहेर नाला, गल्लीत जीन्स शिवणारे कारखाने, रिक्षा. मी म्हटलं, आमच्याकडे कर. अंबरनाथ पूर्वेला आमची बिल्डिंग शेवटच्या टोकाला आहे, तिसरा मजला, समोर मोकळं, लांबवर डोंगर. उल्हासनगरच्या माणसांना आम्ही हे नेहमीच ऐकवतो. ती म्हणाली, "आंटी, सुबह घ्या मग. सुबह की हवा एकदम फ्रेश असते." हेही सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्यावर दोघींनीही विचार केला नाही. नोव्हेंबरचे दिवस होते. सेन्सर आधी बराच वेळ तापू द्यावा लागतो, म्हणून आदल्या दिवशीच डबी गॅलरीत चालू करून ठेवली आणि पहाटे, उजाडायच्या आत, मी शून्य घेतलं. थंडी होती, सगळं शांत होतं. थोडा वास होता. कधी सडक्या कोबीसारखा, कधी नेलपॉलिशसारखा असा एक वास आमच्याकडे पहाटे असतो. मागे एमआयडीसी आहे. वास आला की आम्ही खिडकी लावतो आणि गेला की उघडतो. शून्य घेताना तो वास मला आला होता हे मला नीट आठवतं, पण तो मोजण्यासारखा वाटला नाही. तो घरातलाच होता, जसा फोडणीचा असतो.

माझ्या जोडीदार मुलीने ते लगेच लिहून टाकलं. आमच्या अहवालात छापलेली ओळ अशी होती की स्वच्छ हवेचा संदर्भ अंबरनाथ पूर्व येथील निवासी भागात घेतला आहे.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही डबी केंद्रावर नेऊन लावली. डिस्प्लेवर आकडा आला तो उणे. आम्ही बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा उणे. बाजूला रस्ता, खाली वडापावची गाडी, तेलाचा धूर खिडकीतून आत येत होता आणि यंत्र म्हणत होतं की इथली हवा स्वच्छपेक्षाही स्वच्छ आहे. आमचे सर माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान असतील. ते डोकावले आणि म्हणाले, "वा मॅडम, उल्हासनगरला हिल स्टेशन करून टाकलंत." वर्ग हसला. मीही हसले. सर म्हणाले, कोडमध्ये चूक असेल, वजाबाकी उलटी झाली असेल, बघा.

मी पुढचे बरेच दिवस शाळेतून आल्यावर तेच करत होते. ओळ न् ओळ तपासली. वजाबाकी सुलटी होती. बोर्ड बदलला, वायरी बदलल्या, जोडीदारणीने वडिलांकडून दुसरा सेन्सर आणला. दुकानात लावला की उणे. माझ्या गॅलरीत दुपारी लावला की थोडं उणे, आणि पहाटे बरोबर शून्य. चूक सापडत नाही तेव्हा माणूस चिडतो. मी चिडले नाही, मला भीती वाटायला लागली, आणि कशाची ते कळत नव्हतं. डिसेंबरभर मी पहाटे उठून आधी गॅलरीत जायचे आणि ते शून्य बघायचे. हिरवा दिवा शांतपणे लागलेला असायचा. खाली माणसं चालायला निघालेली असायची, कानटोप्या घालून, हात झटकत, जोरजोरात श्वास घेत.

माझी धाकटी बहीण बदलापूरच्या पुढे एका गावात दिली आहे. तिच्याकडे भाताची झोडणी उरकली होती, तांदूळ न्यायला ये म्हणाली. नाताळच्या सुट्टीत मी गेले आणि पिशवीत डबीही घेतली. तिच्या अंगणात, शेणाच्या सारवणावर, स्टुलावर ठेवून लावली. आकडा इतका खाली गेला की डिस्प्लेवर तीन घरं पुरेनात. चुलीपासून चार हात लांब होतो आम्ही, तरीही.

बहिणीने विचारलं हे काय आणलंयस. मी सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती, हात न थांबवता म्हणाली, "ताई, तुझ्याकडं आले का माझं डोकं चढतं. दोन दिस जेवन जात नाही. तुला वाटतं मी तुझ्या भाजीला नावं ठेवते."

मला खरंच तसं वाटत होतं. बरीच वर्षं वाटत होतं. तिला गावात दिली, मला शहरात फ्लॅटमध्ये, म्हणून ती नाक मुरडते अशी माझी समजूत होती.

मी तिथे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अंगणात नवं शून्य घेतलं. कोडमध्ये एकच ओळ बदलायची होती. तांदळाची गोणी आणि डबी घेऊन घरी आले, गॅलरीत गजाला बांधली आणि पुढच्या पहाटे बझर वाजला तो थांबेना. लाल दिवा लागला आणि उन्हं येईपर्यंत तसाच राहिला. समोरच्या शेजारीणबाईंनी दार वाजवलं. म्हणाल्या, तुमची कसली परीक्षा आहे ती तुम्ही द्या, आमची सून दोन जिवांची आहे, तिची झोप मोडते. मी बझरची वायर काढली. दिवा राहू दिला. तेव्हापासून रोज पहाटे तो लाल असायचा, दिवसा कधी हिरवा, कधी लाल, आणि दिवेलागणीनंतर पुन्हा लाल.

पुढच्या रविवारी सरांना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माणूस वाईट नाही. म्हणाले, "मॅडम, सेन्सर स्वस्तातला आहे. यावरून तुम्ही काहीच सिद्ध करू शकत नाही. बझर वाजायची मर्यादा थोडी वाढवा. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक असतात, त्यांच्यासमोर नुसतं वाजत राहिलं तर त्यांना वाटेल यंत्रच बिघडलंय." तसं त्यांचं सगळं खरं होतं. कंपनी कुठली, वायू कुठला, किती वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही. माझी जोडीदार माझ्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आंटी, तुम्ही तिथे राहता. तुम्ही सांगा काय करायचं ते." प्रोजेक्ट पुढे पास झाला, आम्ही दोघीही झालो. पण त्या दिवशी घरी परतताना माझ्या डोक्यात परीक्षा नव्हती. दोन आठवड्यांनी माझी मुलगी येणार होती, आणि गॅलरीला लागून जी खोली आहे तीच तिला देणार होते.

मुलीला लहानपणी बालदमा होता. थंडीत पहाटे छाती वाजायची. मी तिला उशा लावून बसवायचे आणि पाठ चोळायचे. डॉक्टर म्हणाले होते वयाबरोबर जाईल. नववी-दहावीपर्यंत गेला नाही, कॉलेजातही गेला नाही. लग्न होऊन नाशिकला गेली आणि एका हिवाळ्यात गेला. आम्ही म्हणालो, सासरचं पाणी मानवलं. तिच्या सासूला आम्ही हे कौतुकाने सांगितलंही होतं.

तर त्या रविवारी मी वाळे घासून डबीत ठेवले आणि नवऱ्याला म्हटलं की आपण तिला इथे आणायला नको.

तो पाळण्याच्या कड्यांना तेल लावत होता. तो एमआयडीसीतल्याच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, लग्नाआधीपासून. गॅलरीतल्या डबीबद्दल मी त्याला पूर्वीच सांगितलं होतं, तेव्हा तो हसून म्हणाला होता की दोनशे रुपयांच्या खेळण्याला त्याच्या नाकापेक्षा जास्त कळायला लागलं. आता तो हसला नाही.

"ती सव्वा महिन्याची असल्यापासून इथेच वाढली. पोरीला काय झालं?"

मी म्हटलं, दमा झाला.

त्याने तेलाची बाटली खाली ठेवली. मग म्हणाला की दमा कुणालाही होतो, त्याच्या आईला गावात झाला होता, तिथे कुठली कंपनी होती. पहिलं बाळंतपण सासरी केलं तर नातेवाईक काय म्हणतील, व्याही काय म्हणतील, यांना पोरगी जड झाली म्हणतील. मी त्याला बोलू दिलं. त्याचं संपल्यावर विचारलं, आत्ता वास येतोय का तुला. दिवेलागण होऊन गेली होती. त्या संध्याकाळी वारा अजिबात नव्हता आणि वास इतका दाट होता की मी स्वयंपाकघराची खिडकी लावूनच कणीक मळली होती.

"कसला वास?"

तो खोटं बोलत नव्हता. हेच मला सगळ्यात वाईट वाटलं. मी त्याला हाताला धरून गॅलरीत नेलं, आतल्या खोलीत मुलीचा पलंग लावायचा होता त्याच्या उशाशी येणाऱ्या कोपऱ्यात. दिवा लाल होता. त्याने खोल श्वास घेतला, दोनदा, मला दाखवायला. मग खोकला आला तो बराच वेळ थांबला नाही. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, कंपनी चालू असली की थोडाफार वास असणारच, बंद पडल्यावर काय खाणार. मी म्हटलं, कंपनी बंद कर असं मी म्हणत नाहीये. पोरीला इथे आणायचं की नाही एवढंच बोलते आहे.

आम्ही जेवलो. जेवताना तो एकदाच बोलला, पाळणा कसा नेणार ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर मी विहीणबाईंना फोन लावला. बाई शिकलेल्या आहेत, शिक्षिका होत्या. मी सांगितलं की बाळंतपण तुमच्याकडे करायचं आहे, करायला मी येईन, शाळेत सुट्टीचा अर्ज देते, डिंकाचे लाडू, धुरी, मालिश सगळं माझ्याकडे लागलं. त्यांनी विचारलं घरात काही अडचण आहे का. मी म्हटलं, आमच्याकडची हवा बरी नाही. त्या म्हणाल्या, थंडी आहे का फार? मी हो म्हटलं. बाकीचं समोर गेल्यावर सांगू असं ठरवलं.

नवऱ्याची दुसरी पाळी होती. त्याने पाळण्याचे भाग गोणपाटात बांधले आणि एकेक जिन्यातून खाली नेले. नाशिककडे जाणारा ओळखीचा टेम्पो मुख्य रस्त्यावरून निघणार होता, तिथवर रिक्षाने न्यायचं होतं. शेवटचा भाग नेताना शेजारीणबाई दारातच होत्या. पाळणा कुठे चाललाय म्हणाल्या. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "पॉलिशला."

"लवकर आणा बरं. मार्चमध्ये आमच्या सुनेला लागेल."

नवरा खाली गेला. मी टेम्पोपर्यंत जायला चपला घातल्या होत्या, दाराला कुलूप लावलं होतं, हातात वाळ्यांची डबी होती. मी बाईंना म्हटलं की पाळणा पॉलिशला नाही, नाशिकला चाललाय, आणि तो का ते त्यांना सांगितलं. लाल दिवा, वास, बालदमा, जेवढं मला माहीत होतं तेवढं. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही असंही सांगितलं. आतून सून येऊन दाराशी उभी राहिली, एक हात कमरेवर, एक पोटावर.

मी बाईंना म्हटलं, "हिला हिच्या माहेरी पाठवा."

बाई हसल्या. "अहो, हिचं माहेर मागच्याच गल्लीत आहे."

सून हसली नाही. तिने विचारलं, "काकू, ते वाजत होतं ते यासाठीच का?"

मी हो म्हटलं. खालून नवऱ्याने हाक मारली, रिक्षावाला थांबत नाही म्हणून. मी त्याला थांब म्हटलं, कुलूप काढून पुन्हा घरात गेले, गॅलरीत जाऊन बझरची वायर जागेवर जोडली आणि घट्ट दाबली. दिवा लालच होता, बझर लगेच वाजायला लागला. मग खोलीची खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं आणि खाली उतरले. रिक्षात पाळण्याचे दांडे मांडीवर घेऊन बसले तेव्हाही तो तिसऱ्या मजल्यावरून ऐकू येत होता.